सोनं उतरवून धुतलेली परात

जामोदमागच्या सातपुड्यात ओढ्याची वाळू धुताना मनकर्णाबाईंच्या परातीत सोन्याचे कण चमकले आणि सोनं शोधायला आलेली छावणी हरखली. भूवैज्ञानिक महामायेचं लक्ष मात्र त्यांच्या मंगळसूत्राकडे गेलं. वाकताना ते परातीच्या काठाला घासत होतं. कण त्याचेच असले, तर शोधमोहीम आजच गुंडाळायची होती. “ताई, मंगळसूत्र काढून ठेवा आणि नवी वाळू नव्या परातीत धुवा.” “मालक समोर हायेत न, म्याडम. काढू कसं?” मनकर्णाबाई अडखळल्या, मग ते उतरवून त्यांनी नवऱ्याच्याच गळ्यात घातलं. “घ्या, सांभाळा. तुमच्याच नावाचं हाये.” उत्तमराव लाजून डोंगराकडे पाहू लागले. नवी परात फिरली, काळी रेती ओघळली, तळाशी पिवळा कण उरला. महामायेनं त्यावर सुई दाबली. सोन्यासारखा दिसणारा खोटा कण फुटला असता, हा चेपला. “देऊ का हिले परत?” उत्तमरावांनी विचारलं. “थांबा,” महामाया म्हणाली, “अजून ओढ्याच्या वरच्या अंगाची वाळू धुवायचीय.”