बुधवारची थाळी

हॉटेलच्या दारात काशी पोचली तेव्हा तिचे यजमान रावजी सुरमईचा काटा काढत होते. मान खाली, सगळं लक्ष ताटात.

शेजारच्या सोनूबाईनं परवा सांगितलं होतं. "तुझा घोव दर बुधवारी मांडवीच्या हाटेलात मासं खातो गो. माझ्या जावयानं डोळ्यांनी बगितलान." काशीनं तिला अंगणातूनच वाटेला लावलं होतं. पण संशय काही जाईना. आज बुधवार. गुडघ्याच्या औषधाला म्हणून रावजी सकाळच्या एस.टी.नं रत्नागिरीला निघाले, आणि काशी पुढची गाडी पकडून त्यांच्या मागावर आली. सोनूबाई खोटी पडू दे, म्हणून वाटभर तिनं देवाला साकडं घातलं होतं.

सोनूबाई खरी निघाली.

मे महिना होता. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून रत्नागिरीच्या या मांडवी किनाऱ्यावर मुंबईकरांचा राबता वाढला होता. हॉटेलात तर पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या बाकावर लोक नंबर लावून बसले होते, आत पोरं सोलकढीसाठी भांडत होती, आणि वाढपी दोन्ही हातांवर ताटं तोलत गर्दीतून वाट काढत होते. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. अगदी घरच्यासारखा. काशीच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

चार वर्षं झाली तिनं मासळी तोंडात घातली नव्हती.

रितेश, तिचा एकुलता एक मुलगा, मुंबईला हॉटेलात कामाला होता. तिथंच त्यानं मनस्वीशी लग्न केलं, घरी न विचारता, आणि एक दिवस तिला घेऊन दारात उभा राहिला. काशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकण्याऐवजी दार लावून घेतलं. रागाच्या भरात चार शब्द जास्त गेले असतील तिच्या तोंडून. आईच ती, बोलणार नाही तर काय! पण पोरगा आल्या पावली फिरला तो फिरलाच. ना पत्र, ना फोन. मुंबईतला पत्ताही बदलला.

तेव्हा नवरा-बायको दोघं ग्रामदेवतेपुढे उभे राहिले. गुरवानं गाऱ्हाणं घातलं: पोर परत येईस्तोवर दोघांनीही मासळी सोडली आहे, त्याला सुखरूप आण रे महाराजा. दोघांनी हात जोडून "होय महाराजा" म्हटलं. कोकणातल्या माणसानं मासळी सोडायची म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. काशीनं लग्नकार्यात लोणच्याशी भात खाल्ला. शेजारी बांगडा भाजायला घेतला की ती उठून परसात जायची. देवाशी केलेला करार तिनं जिवापाड पाळला.

आणि हे? गळ्यात माळ घालायची तेवढी बाकी राहिलेला, देवळासमोरून जाताना चप्पल काढणारा माणूस!

ती तरातरा आत शिरली आणि रावजींच्या समोरच्या खुर्चीत बसली. रावजींचा घास हातातच राहिला.

"तू? हितं कशी आलीस?"

"पायांनी आले. गुडघ्याचं औषध बरं दिसतंय."

"काशी, हळू बोल."

"का? लाज वाटते?"

तेवढ्यात वाढप्यानं न विचारता रावजींच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "बाबा, पोटाकडची आहे, तुमच्यासाठी ठेवलेली," म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे धावला. किती बुधवार इथं येत असतील, म्हणजे वाढप्यानं आवडनिवड पाठ करावी!

"चला बाहेर," रावजी अर्ध्या ताटावरून उठू लागले. "घरी जाऊन काय तं बोल."

"नाय. हितंच बोलणार. मी चार वरसं आमटीवर काढली, आनी तुमी सुरमय चापताय! एकाच गाऱ्हाण्यात उभं होतो ना आपन?"

"होतो."

"मग माझं पोर का येत नाय, ते आज समजलं मला." तिचा आवाज फाटला. डोळ्यांतून धारा लागल्या. "एकानं पाळायचं आनी एकानं मोडायचं, देव तरी काय करील? तुमच्या जिभेपायी माझा रितेश माझ्यापासून तुटला. परका मानूस असता तं सोडलं असतं मी. पन तुमी बाप त्याचं!"

शेजारच्या टेबलावरची मंडळी खाणं थांबवून बघू लागली. रावजींनी घाईघाईनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि तिचा हात दाबला.

"पाया पडतो गो तुझ्या. हळू बोल."

"मला उत्तर द्या. नवस का मोडलात?"

रावजी खाली बसले. वाटीतल्या पाण्यात त्यांनी बोटं बुडवली, पुसली. गेली कित्येक वर्षं त्यांनी तिच्याकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

"मी नवस मोडला नाय, काशी. फेडलाय. मागच्या शिमग्याला. गुरवाला म्हटलं, नारळ ठेव आनी कुनाजवळ बोलू नको."

"फेडलात?" तिला अर्थच लागेना. "पोर आल्याबिगर नवस फिटेल कसा?"

"हे हाटेल त्याचंच हाय," रावजी म्हणाले. "आत चुलीपाशी तोच उभा हाय. आयशीला कळलं त्या दिशी हे बंद करून निघून जाईन, असं सांगितलान त्यानं मला."