ट्रकखाली आलेला हिरो

साठी उलटल्यावर अक्षरं शिकलो आणि हाती लागली नातीची जपानी चित्रकथांची पुस्तकं, तीही मागून पुढे वाचायची! आधीच उल्हास, एका पानाला माझा अर्धा दिवस जातो.

"आजोबा, हे सतरावं! अहो, सगळ्यांत तेच तर असतं. हिरो ट्रकखाली येतो, दुसऱ्या जगात जन्मतो, राजा होतो. कंटाळा नाही येत?"

"माझं डोकं जाड, बाई. दर वेळी वाटतं, या खेपेला बिचारा जन्मलाच नाही तर? तो तिकडे डोळे उघडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो."

ती पोट धरून हसली. मीही हसलो.



तिच्या जन्माआधी मी ट्रक चालवायचो. तो एका सकाळीच कायमचा का सोडला, हे घरात तिला कुणी सांगितलेलं नाही.