परत आलेली पेंड

श्रीगोंद्याच्या गुरांच्या छावणीत ट्रक थांबला आणि पोती उतरायच्या आत रतनबाई हळदीकुंकू घेऊन पुढं आली. शेंगदाण्याच्या पेंडीची पोती, प्रत्येकावर परमुलखातला लाल शिक्का. दुष्काळी खडीच्या कामावर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या पोत्यांवरही असले परके शिक्के असायचे, तेव्हा शिक्क्याचा माल म्हणजे लई भारी, हे बायांनी ठरवूनच टाकलेलं. तिनं कुंकू नेमकं शिक्क्यावरच लावलं.

दत्तोपंतांनी मान फिरवली. आबासाहेबांच्या तेलगिरणीचे ते मुनीम, आणि तो शिक्का त्यांना वाचता येत होता. माल नाकारला, असं त्यावर लिहिलं होतं. परदेशी पाठवताना बोटीवर कीड लागू नये म्हणून गिरणीत पेंडीला डीडीटी पावडर चोळली होती. तिकडच्या सरकारचा नवा कायदा असा की, असली पेंड गाईंना घालायची नाही. विष दुधात उतरतं आणि दूध लेकरं पितात. सगळा माल माघारी आला.

"जाळून टाकू," पंत म्हणाले होते.

"जाळताय कशाला?" आबासाहेब हसले होते. "कायदा तिकडच्या गाईंला हाय. आपल्या गाईंला दुष्काळ हाय. छावणीला दान करून टाका."

पंत तसे भले गृहस्थ, कुणालाही विचारा. दोन रात्री त्यांना झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री लागली. पहिला ट्रक त्यांनीच पोचवला, हा दुसरा.

रतनबाई पितळी तांब्या घेऊन परत आली. मागं पदराला धरून तिची नात.

"पंत, गाय पार टेकली हुती. तुमच्या पेंडीनं उभी ऱ्हायली, दूध द्याया लागली. आजचं पैलं तुमाला."

पंतांनी तांब्या हातात घेतला. दूध अजून कोमट होतं. आत्ताच बोलायला हवं होतं. बोललं की नोकरी गेली, हेही त्यांना कळत होतं. पोरीची नजर तांब्यावरून हलेना.

"मला नको," ते म्हणाले. "नातीला द्या."

रतनबाईचे डोळे भरून आले.

"बघ गं, सोताच्या तोंडचं दिलं तुला. पड पाया."

पोरीनं तांब्या आधी रिकामा केला. मग ओठांवरचं दूध तसंच ठेवून ती वाकली. पंतांचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला.

"औक्षवंत हो," ते म्हणाले.