दबाव कुणाचा

"कुणाचा दबाव आहे का तुझ्यावर?" समुपदेशक बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," इस्त्रीवाली तिसऱ्यांदा म्हणाली.

गर्भपाताआधी बाईला एकटीला आत बसवून हे विचारायचं, असा दवाखान्याचा नियम होता. फॉर्मवर दोन चौकोन होते. एक 'स्वतःच्या मर्जीने', दुसरा 'दबावाखाली'. दुसऱ्याच्या पुढे दबाव आणणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ. बारा वर्षांत बाईंनी त्या ओळीवर नवरे लिहिले, सासवा लिहिल्या, एकदा तर सख्खी आईसुद्धा लिहिली. नाव आलं की काम थांबायचं, आणि बाई त्या माणसाला बोलावून चांगलं फैलावर घ्यायच्या. त्या कामात त्यांचा हातखंडा होता.

आजची ही मात्र रडत नव्हती की चिडत नव्हती. लाँड्रीत दिवसभर हॉटेलांच्या चादरींना वाफेची इस्त्री करून ती इतकी शिणली होती की बसल्या बसल्या पेंगत होती. आठवड्याची सुट्टी तेवढी आजची.

"मूल हवंय का तुला?"

"हवंय की," ती म्हणाली. इतक्या सहज, की बाईंचं पेन थांबलं.

"मग इथे काय करतेस, बये?"

तिने पदराआड जांभई दिली. बाईंना तिचा राग आला आणि कीवही आली. हे नवऱ्याचंच काम, असं ठरवून त्यांनी त्याला आत बोलावलं. तो भिंतीला धरत धरत आला. हमाल होता, ओझं उचलताना पाठ गेली, तेव्हापासून घरीच. बाईंनी तोंड उघडायच्या आत तोच रडायला लागला.

"तुम्ही तरी सांगा हिला! मी पाया पडलो, ठेव म्हणून. आईने दुपटी शिवायला घेतलीत."

म्हणजे नवरा सुटला, सासूही सुटली. तरी बाईंचं मन मानेना. मूल हवं असलेली बाई आपण होऊन इथवर येईल कशाला? कुणीतरी असणार, आणि त्याला शोधल्याशिवाय सही करायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"लाँड्रीचा मालक बोलला का काही? पाड म्हणाला?" त्यांनी पेन त्या ओळीवर टेकवलंसुद्धा.

इस्त्रीवाली पहिल्यांदाच खडबडून जागी झाली.

"अहो नाही! त्यांचं नाव नका लिहू. देवमाणूस आहे तो. कुणी पोटुशी आहे असं कळलं, की त्याच दिवशी तिला कामावरून कमी करतात. बाळाला वाफ बाधू नये म्हणून."