उंबऱ्यावरची बाटली

“चेहरा जुळला तर नाव राहील, नाही तर काढायचं. तिथं दयामाया करत बसू नका, शगुफ्ता.”

तहसीलच्या साहेबांचं सकाळचं हे सांगणं सारंगखेड्याच्या त्या गल्लीत शिरतानाही तिच्या कानात होतं. पडताळणी अपुरी म्हणून निराधार बायकांच्या पगारातला दिल्लीचा हिस्सा राज्याकडे यायचा थांबला होता. त्यात मार्च महिना. आज सांजेपर्यंत मोबाइलपुढे जिचा चेहरा येणार नाही, तिचा पगार बंद. तो पुन्हा सुरू व्हायला किती खेटे पडतात, हे शगुफ्ताने पाहिलेलं होतं.

आता एकच नाव उरलं होतं. चंदन. नवरा ट्रॅक्टरखाली गेलेला, पगारावरच चूल.

शेजारच्या रुखमाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“चंदन? घरमाच शे ती. सासू नर्मदाबाई म्हसावदले लेककडे गयी. तिन्हा तुळशीना दिवा आते सूनच लावस, एक दिवस चुकाडत नही.” त्यांनी आवाज उतरवला. “पन पहिले तिन्हा जेठले, मोठा दीर नवलसिंगले, इचारा. बारावीना पेपर देवाले निंघनी व्हती बिचारी, अंगणवाडीमा लागू म्हने. नवलसिंगनी पुरी गल्ली गोळा करी. आम्हना घरनी वहू एष्टीमा बठाव नही, म्हने.”

अंगणात तुळशीपुढे दिवा तेवत होता. उंबऱ्याच्या आत, परातीपाशी, एक बाई बाजरीचं पीठ मळत होती. पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला. हात कोपरापर्यंत पिठात. शगुफ्ता काही बोलणार तोच मागून खाकरल्याचा आवाज आला. बाईने पदर आणखी ओढला.

नवलसिंग मान खाली घालून आला. हातातली तेलाची बाटली त्याने उंबऱ्यावर ठेवली आणि तीन पावलं मागे सरला.

“गुडघासनं तेल शे. माय येई तवय लागी,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. मग शगुफ्ताकडे वळला. “काय काम काढं, ताई?”

तिने सांगितलं.

“चंदनताई, तुम्हीच ना?” शगुफ्ताने आत विचारलं.

आतून तांब्यावर एक ठोका पडला.

“ती मन्हा समोर बोलत नही. एक ठोका म्हंजे हां,” नवलसिंग म्हणाला.

“मग दादा, तुम्ही जरा गल्लीत थांबा. पदर वर करायचा, डोळे मिचकवायचे. झालं काम.”

“मी जावाव नही.”

“बरं, पाठ तरी करा.”

“मन्हा घरमा मी पाठ करू? आज मोबाइलपुढे पदर उघडी, सकाय गल्ली मन्हा तोंडवर हासी.” तो थोडा हसला. “तुम्ही बी तं डोकावर ओढणी लेयेल शे.”

“डोक्यावर घेतली आहे, दादा. तोंडावर नाही.” शगुफ्ताचा आवाज मऊच राहिला. “हिचा पगार जाईल. तुम्ही पोसणार आहात का जन्मभर?”

तो हलला नाही. उंबरा आणि शगुफ्ता यांच्या मधोमध खांबासारखा उभा राहिला.

आतली बाई चौकटीला धरून सावकाश उठली. भिंतीच्या आधाराने ती मागच्या खोलीच्या दाराशी सरकली. किती धाक आहे घरात, शगुफ्ताच्या मनात आलं. या माणसाविरुद्ध कोणाकडे तरी तक्रार करायला हवी.

“चंदनताई, तुम्हाला फोटो द्यायचा आहे ना? घाबरू नका.”

ठोका पडला नाही. ना हो, ना नाही.

शगुफ्ताने मोबाइलवर नाव उघडलं. ‘अनुपस्थित’वर बोट दाबलं की संपलं. बोट वर तसंच राहिलं.

“निदान हीच चंदन, एवढं तरी सांगा, दादा. म्हणजे सांजेपर्यंत नाव ठेवते. त्यापुढं माझ्या हातात नाही.”

नवलसिंगने पहिल्यांदा आत पाहिलं. पण नजर वर गेली नाही. पदराखाली दोन भेगाळलेली पावलं दिसत होती, बोटांवर पीठ सांडलेलं. त्यांच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. शगुफ्ताला वाटलं, आता हा नाहीच म्हणणार.

“वहूना चेहरा मी कधी दखा नही,” तो म्हणाला. “पन ह्या पाय मी वळखस. सांजले, दिवाबत्तीना पहिले, चंदनले मी सोता चावडीवर लई येसू. तठे बायासमा बठाडा, पदर उघाडा, काय फोटो काढना तो काढा. मी फाटकबाहेर उभा ऱ्हासू. सबद शे मन्हा.”

“दादा, शब्द चुकला तर या बाईच्या तोंडचा घास जाईल.”

“माहीत शे माले.”

शगुफ्ता गल्लीच्या वळणाआड गेली. रुखमाबाई शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या. अंगणात कोणी उरलं नाही, तेव्हा नवलसिंगने चपला काढल्या, तेलाची बाटली उचलली आणि भावाच्या घराचा उंबरा ओलांडला. जेठ कधी ओलांडत नाही तो उंबरा. आतली बाई भिंतीला टेकली. पदर तिने दोन्ही मुठींत घट्ट धरला.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. रोज शेतावर जाताना उंबऱ्याबाहेर टेकवायचा तसा माथा त्याने त्या पावलांवर टेकवला आणि तेलाची बाटली शेजारी सरकवली.

“पदर काढ, माय, गुदमरशी,” तो हळूच म्हणाला. “तळोदाले चंदनना पेपर कवय सुटस, तितलं सांग.” तिने वेळ सांगितली, आणि गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून मोटारसायकल चालू न करताच, ढकलत ढकलत, तो चंदनला आणायला निघाला.