कोपराची खूण

बसचालकाच्या कानांची तपासणी इतकी बिनचूक चालली होती, की तपासणाऱ्या ताईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी कळ दाबून आवाज सोडला, की काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेले काका लगेच बटण दाबत. साठीला टेकलेल्या माणसाचे कान असे तल्लख? "पास करा हं, ताई. स्टिअरिंग सुटलं तर दिवसभर घरी बायकोचंच ऐकावं लागेल," काका हसले. नजर मात्र ताईंच्या कोपरावर खिळली होती. आपण उगाच संशय घेतोय, असं वाटूनही ताईंनी आवाज न सोडता नुसतं कोपर हलवलं. काकांनी बटण दाबलं. मग ताईंनी आत जाऊन त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बाहेर येऊन आवाज बसच्या हॉर्नइतका चढवला. बटणावर अंगठा ठेवून काका शहाण्या मुलासारखे बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, सुरू कधी करताय?"