उजव्या बाजूचं ऊन

दादापीरने मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली, आकडा पुन्हा वाचला आणि मान वर केली.

"अक्का, दोन लाख एकसष्ट हजार किलोमीटर. ही मास्तरांचीच गाडी ना?"

"अप्पांचीच. नवी घेतल्यापासून," मास्तरांची मुलगी नीलांबिका म्हणाली.

"मास्तर तर भाजीलासुद्धा चालत यायचे."

तिलाही तेवढंच माहीत होतं. दावणगेरेत अप्पांचं सगळं पायी जाण्याच्या अंतरावर होतं. बँक, मठ, डोशाचं हॉटेल. रोज रात्री आठला ती बंगळूरहून फोन करायची तेव्हा ते घरी जेवत असायचे. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला होता. घर रिकामं झालं होतं, राहिली होती गाडी.

घेणारा तिप्पेस्वामी बी-बियाण्यांचा दुकानदार. त्याने येताक्षणीच बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला होता. गाडी आधीच तापवून तर ठेवली नाही ना, म्हणून. आता तो मागे वाकून नंबराची पाटी किल्लीने खरवडत होता.

"टॅक्सीला लावली असणार. खाली पिवळा रंग निघतोय बघ."

पांढराच निघाला.

"ते काही असो. एवढी पळालेली गाडी मी लाखाच्या वर घेणार नाही."

"सावकार, जरा थांबा," दादापीर म्हणाला. गाड्या तपासून भाव ठरवून देण्यात त्याचा शब्द गावात कुणी मोडत नसे. त्याने हाताने क्लच दाबला, मग पेडलचं रबर बोटाने चाचपलं. "गावात फिरली असती तर हे गुळगुळीत झालं असतं. रेघा बघा, तशाच आहेत. ही लांबच्या रस्त्याची गाडी. पाचव्या गिअरमध्ये घातली आणि सरळ गेली. गावात घासलेल्या साठ हजारांपेक्षा हे अडीच लाख बरे. दीडच्या खाली बोलू नका."

नीलांबिकेला बरं वाटायला हवं होतं. तिने विचारलं, "कुठला लांबचा रस्ता?"

दादापीर हसला. "विकणार तुम्ही, आणि विचारता मला?"

तो स्टिअरिंगपाशी बसला, दार ओढून घेतलं. ऊन अडवायची वरची झडप पुढच्या काचेवर नव्हती, बाजूच्या खिडकीवर वळवलेली होती. ती पुढे ओढली तरी आपसूक तिकडेच गेली. त्याने खिडकीच्या खालच्या रबरावरून हात फिरवला. डाव्या दाराचं रबर काळं कुळकुळीत होतं. उजव्या दाराचं राखेच्या रंगाचं झालं होतं, आणि कोपर टेकतं तिथे खोलगट.

"जाताना ऊन उजवीकडे. येतानाही उजवीकडे."

"असं कसं होईल?" तिप्पेस्वामी म्हणाला. "सूर्य काय तुझ्या घरचा आहे?"

"सकाळी उत्तरेला निघायचं, संध्याकाळी दक्षिणेला यायचं. मग होतं. हरपनहळ्ळीचा रस्ता."

नीलांबिकेने आठवून पाहिलं. त्यांचे सगळे नातेवाईक शिमोग्याकडचे. उत्तरेला कोणी नव्हतं. कधी कुणाचं नावही निघालं नव्हतं.

"अण्णा," तिने हळूच विचारलं, "शेजारच्या सीटचं काय?"

दादापीरने डावी सीट मुठीने दाबली. मूठ काढताच ती वर आली. मग मागची दाबून पाहिली.

"कोणी बसलेलं नाही. नवी आहे ही."

तिप्पेस्वामी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "एकटा माणूस, काम नाही, धंदा नाही, आणि डिझेल जाळत रोज त्या हरपनहळ्ळीच्या माळावर? अक्का, मी दीड देतो. पण ही गाडी एवढी कशाला पळाली ते सांगा. बायको पहिल्यांदा तेच विचारणार. खोटं सांगितलंत तरी चालेल."

नीलांबिकेने उजव्या दाराच्या राखाडी रबरावर हात ठेवला.

अप्पांना शेवटचं न्हाऊ घालताना तिने त्यांचे हात धुतले होते. उजवा हात कोपरापर्यंत काळवंडलेला होता, डावा गोराच होता. आजारानं असेल, असं तिला वाटलं होतं. निघेल म्हणून तिने तो जरा जास्तच चोळला होता.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

"म्हणजे भाव वाढवणार!"

"नाही. तुम्ही म्हणालात तोच भाव."

दादापीर उतरला, ती आत बसली. काच खाली करून तिने कोपर टेकवलं. खोलगट जागा तिच्या कोपराला मोठी होत होती. सकाळचे साडेआठ वाजत होते. फाटकाशी उभ्या गाडीचं तोंड दक्षिणेला होतं आणि ऊन त्या नव्या, रिकाम्या सीटवर पडलं होतं.

ती पुन्हा खाली उतरली आणि किल्ली दादापीरपुढे धरली.

"अण्णा, गाडीचं तोंड तेवढं उत्तरेला फिरवून द्या."